कायदा युगांडापर्यंत जातो

घाटकोपर (प.)
रविवार, ता. १५ जून १९८६

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. तू पाय मागे घेशील हे धरून चाललोय, तरी ठेवतो.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र आधी फडताळात टाकलं असशील आणि दोन दिवसांनी काढलं असशील. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तू मला लिहिली नाहीस. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढतोय, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. रोज थोडं थोडं वाच. घाई नाही, असं लिहिणार होतो, पण घाई आहे.

आधी इकडचं सांगतो. सुगंधाचे गुडघे धरलेत, जिना उतरायचा म्हणजे ती आदल्या दिवसापासून ठरवते. गिरणी संपात गेली ती गेलीच. माझी तशीही थोडीच वर्षं राहिली होती. आता सकाळ-संध्याकाळ चाळीच्या वाचनालयात बसतो. तू पाहिलीस तेव्हा दोन कपाटं होती, आता पाच आहेत. लोक फुकट पेपर वाचायला येतात आणि मला मास्तर म्हणतात. शाळेत एक दिवस न गेलेल्या माणसाला मास्तर म्हणणारी जागा साऱ्या मुंबईत ही एकच असेल. तुझी कोकमाची सोलं संपून किती वर्षं झाली, पण बाजारातली आणली की सुगंधा अजून म्हणते, "वन्संची सोलं ती सोलं. हा नुसता रंग."

प्रेमा दिवाळीपासून आमच्याकडेच आहे. शुभाही. शुभा म्हणजे प्रेमाची मुलगी, तू तिला पाहिलेलं नाहीस. सहा पुरी होतील. कपाळ थेट तुझं. खाली बसताना म्हातारीसारखी "आई गे" म्हणते, तेही तुझंच.

इतकं लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता सरळ लिहितो.

जावई श्यामसुंदर चार वर्षांपूर्वी मस्कतला गेला, एअरकंडिशनच्या कंपनीत. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येऊन गेला. गेल्या ऑक्टोबरात त्यानं तिकडे दुसरं लग्न केलं. मुलगी आपल्याच बाजूची, तिथल्या इस्पितळात नर्स आहे. आमच्या मजल्यावरचा बळवंत त्याच कंपनीत होता. तो कायमचा परत आला तेव्हा फोटो घेऊन आला. चार दिवस खिशात ठेवून फिरला बिचारा. मग एके सकाळी वाचनालयात येऊन माझ्यासमोरच्या पेपराखाली सरकवला आणि म्हणाला, "काका, मी दिला म्हणून सांगू नका."

फोटोत कुणाच्या तरी अंगणात मांडव आहे. भटजी आहे, होम पेटलेला आहे. जमिनीवर तांदळाचे ढीग मांडलेत आणि श्यामसुंदर त्या मुलीचा हात धरून चालतोय. ढीग किती ते मी मोजले नाहीत.

प्रेमाला दाखवावाच लागला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तिकडे भटजी मिळतो, बाबा?" एवढंच. मग फोटो तूरडाळीच्या डब्यात ठेवून दिला आणि तांदूळ निवडायला बसली.

मी आधी पोलीस चौकीत गेलो. हवालदार भला माणूस, त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, "आजोबा, लग्न झालं कुठे?" म्हटलं, मस्कतला. तो म्हणाला, "हे बघा, घाटकोपर संपलं की विक्रोळी लागतं. विक्रोळी संपलं की कांजूर. मस्कत आमच्याकडे कुठंच लागत नाही." बाकीचे हसले. मग तोच आवाज खाली आणून म्हणाला, "आणि इथे झालं असतं ना, तरी आमच्या हातात नव्हतं. बायकोनं स्वतः कोर्टात जायचं असतं. त्यापेक्षा जावयाला बोलवून समजवा." मी म्हटलं, तो समजूनउमजूनच बसलाय.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कुणी नाही म्हटलं की मी पुस्तक उघडतो. वाचनालयात खालच्या फळीवर फौजदारी कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं, कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनानं दिलेलं. इंग्रजी, त्यात वाळवी लागलेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन दिवस बसलो. चौथ्याच कलमात सापडलं. भारताच्या नागरिकानं भारताबाहेर कुठेही गुन्हा केला तरी त्याला हा कायदा लागू. खाली उदाहरणसुद्धा दिलंय. एका माणसानं युगांडात खून केला, तर भारतात तो जिथे सापडेल तिथे त्याच्यावर खटला चालवता येतो. युगांडा, अक्का. मी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून शोधला. मस्कतच्या कितीतरी पलीकडे आहे. म्हटलं, युगांडापर्यंत जाणाऱ्या कायद्याला मस्कत म्हणजे शेजारचं घर.

त्या दिवशी मी पाव किलो जिलबी आणली. पोरीचा संसार मोडल्याची नव्हे, कायदा सापडल्याची. सुगंधानं पुडीला हात लावला नाही.

पार्ल्याला रत्नप्रभाबाई म्हणून एक वकीलबाई आहेत. संपात आमच्या माणसांची कामं त्यांनी फुकट केली. त्यांच्याकडे पुस्तक घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही वाचलंत ते अगदी बरोबर आहे. फक्त दुसरं पुस्तक नाही वाचलंत." त्या दुसऱ्या पुस्तकात आहे की गुन्हा परदेशात घडला असेल तर दिल्लीची आगाऊ परवानगी असल्याशिवाय इथलं कोर्ट खटला ऐकत नाही. आणि माणूस इथे सापडायला हवा. सापडेल. श्यामसुंदर गणपतीत वीस दिवस येणार आहे. या वेळी मुलुंडची खोली विकून म्हाताऱ्या आईलाही घेऊन जाणार म्हणतात. म्हणजे पुन्हा काही तो इकडे सापडत नाही. दिल्लीला अर्ज फेब्रुवारीत गेलाय. चार महिने झाले. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

प्रेमाला मी विचारलं, "त्याला तुरुंगात घालावंसं वाटतं का तुला?" ती म्हणाली, "नाही बाबा. पण कुणीतरी खुर्चीवर बसलेल्या माणसानं एकदा म्हणावं की मी त्याची बायको होते. तिकडे तो सगळ्यांना सांगतो की माझं आधी लग्नच झालेलं नव्हतं."

हे सगळं तुला का लिहितोय? आई-बाबा गेले, दादा गेला. मला मोठं असं आता तूच. वाचून ठेवून दे, उत्तर दिलं पाहिजे असं नाही.

तुझा धाकटा,
काशीराम

ता. क. प्रेमाच्या लग्नाच्या दिवसाबद्दल या पत्रात काही लिहिलेलं नाही. पुन्हा केव्हातरी लिहीन.


घाटकोपर (प.)
रविवार, ता. ३ ऑगस्ट १९८६

ती. अक्का,

तुझं कार्ड पोहोचलं. पुन्हा तुझ्या पायांशी.

दोनच ओळी, पण तुझ्या हातच्या. "प्रेमाक आणि नातीक हय धाडून दी. तुझा काय ता तू बघ." सुगंधानं कार्ड कपाळाला लावलं. प्रेमानं वाचलं आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आत्यानं तुम्हाला एका ओळीत गुंडाळून ठेवलं, बाबा." ती येते म्हणत नाही. बालवाडीत कामाला लागलीय आणि गावात आल्यावर लोक नवरा कधी येणार म्हणून विचारतील, त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. मी तिला फणस खायच्या निमित्तानं तरी जा म्हटलं. म्हणाली, फणस संपले.

दिल्लीचं पत्र आलं. पोस्टमननं लांबून हात हलवला नाही तेव्हाच मी उठून त्याला सामोरा गेलो. परवानगी आलेली नाही, नाकारलेलीही नाही. लिहिलंय की पहिलं लग्न विधिपूर्वक झाल्याचा पुरावा पाठवा, मग विचार करू.

मी म्हटलं, पुरावा ना? पुरावा माझ्यासारखा कुणाकडे असणार. वाचनालयातलं लग्नाचं रजिस्टर धुतलेल्या पंच्यात बांधलं आणि पार्ल्याला गेलो. स्टेशनपासून चालत गेलो, ते काखेत धरून, जणू त्यात बाळच आहे.

तुला ते लग्न ठाऊक आहे, तरी रत्नप्रभाबाईंना सांगितलं तसं लिहितो. चाळीच्या पटांगणात लग्न. भटजी नाही, होम नाही, मुहूर्त नाही. दोघांनी एकमेकांना हार घातले, मी लिहिलेलं वचन मोठ्यानं वाचलं आणि रजिस्टरवर सह्या केल्या. खाली दोनशे बारा लोकांच्या सह्या, त्यांतले सत्तावीस अंगठे. बाईंनी वचन सगळं वाचलं. म्हणाल्या, "फार सुंदर लिहिलंय, काका." मग चष्मा काढून म्हणाल्या, "सप्तपदी?"

म्हटलं, नाही.

"सरकारदरबारी नोंद?"

म्हटलं, नोंदीला गेलो होतो. फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही मागत होते. मी सांगितलं, पुरोहित नव्हता. तिथला माणूस म्हणाला, मग लग्न लावलं कुणी? मी म्हटलं, आम्ही लावलं. आणि फॉर्म तिथेच ठेवून ताठ मानेनं बाहेर आलो. परत येताना वाटेत दोघा-तिघांना ही गोष्ट सांगितली आणि शाबासकी घेतली.

बाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांत भटजीशिवाय, सप्तपदीशिवाय लग्न लावायची पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी असेल तर ती कोर्टात चालते. आहे का?"

"नाही. आमच्यात मीच पहिला."

"तेच वाईट झालं," त्या म्हणाल्या. आमच्यासारख्यांच्या लग्नात सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं, असं कायद्यात लिहिलंय. रजिस्टरमध्ये दोनशे नाही, दोन हजार सह्या असल्या तरी तिकडे मोजतात ती पावलं. श्यामसुंदरनं मस्कतमध्ये केलं ते लग्न फोटोसकट सिद्ध होतंय. अडलंय ते घाटकोपरचं.

कायदा युगांडापर्यंत जातो, अक्का, आणि आमच्या मोरीपाशी येऊन थांबतो.

मी रजिस्टर पुन्हा पंच्यात बांधलं. उठलो. दारापर्यंत गेलो आणि तिथून तुझं नाव काढलं. म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीनं घरात, आमच्या स्वयंपाकघरात, दोघांना अग्नीभोवती चालवलं होतं. बाईंनी पेन उचललं. "तुमच्या बहिणीनं? मंत्र वगैरे?" म्हटलं, मंत्र तिला येत नाहीत, ती नुसती पावलं मोजत होती, पण अग्नी होता आणि तांदळाचे ढीग होते. "सातही पावलं झाली?"

मी हो म्हटलं.

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंत? त्या आत्याबाईंचं प्रतिज्ञापत्र आणा. तेवढ्यावर मी मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार ठेवते आणि दिल्लीचं येईपर्यंत त्याला जाऊ देऊ नका म्हणून विनंती करून बघते. होईलच असं नाही, पण बघते."

तेव्हा तुला एवढंच मागतोय. त्या दिवशी तू शेगडी पेटवलीस, ढीग मांडलेस आणि प्रेमा-श्यामसुंदर त्यावरून चालले, असं लिहून दे. घडलं तेच आहे. त्याच्या पुढचं कुणी विचारलेलं नाही.

सुगंधा हे पत्र वाचून म्हणाली, "वन्संना सगळं लिहिलंत?" मी म्हटलं, लिहिलं. ती गुडघे चोळत बसली.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
काशीराम


घाटकोपर (प.)
रविवार, ता. १४ सप्टेंबर १९८६

ती. अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. तू बरोबर केलंस. या खेपेला नमस्कारसुद्धा लिहिण्याचा अधिकार वाटत नाही, म्हणून तो शेवटी ठेवतो.

श्यामसुंदर आलाय. चोवीस तारखेला आईला घेऊन परत जातो. मुलुंडची खोली गेली.

मंगळवारी दुपारी तो स्वतःहून वाचनालयात आला. मी एकटाच होतो. हातात शुभासाठी बाहुली, डोळे उघडमीट करणारी. वाकून पाया पडला. मीही सवयीनं "औक्षवंत हो" म्हणून गेलो. जिभेला काय कळतं.

तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दिल्लीला लिहिलंत म्हणे."

म्हटलं, लिहिलं.

"मी तुमच्याशी भांडायला नाही आलो. मस्कतला गेलो तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. नंतर व्हायचं ते झालं. तिकडे पहिल्या लग्नाचं विचारलं तेव्हा मी भटजीला खरं ते सांगितलं. काय विधी झाला, काय नाही, सगळं. तोच म्हणाला, मग तुमचं लग्न झालेलंच नाही."

"आणि शुभा? ती मस्कतच्या भटजीला विचारून झाली का?"

तो बाहुलीचा फ्रॉक सारखा करत राहिला. मग म्हणाला, "शुभाचं मी बघेन, पैसे पाठवीन. पण लग्न म्हणाल तर बाबा, तुमच्याकडे झाली ती सभा. आत्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. आणि जे काय थोडं लग्न होत होतं, ते तुम्हीच विझवलंत. मी मोजलेत. चार."

तेवढ्यात पेपर वाचायला कुणीतरी आलं. श्यामसुंदरनं त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि गेला. बाहुली टेबलावर राहिली. मी ती कपाटात ठेवलीय, शब्दकोशांच्या मागे. शुभाला द्यावी की नाही तेही मला ठरवता आलेलं नाही.

तो खोटं बोलला नाही. हे लिहायला मला आठ वर्षं आणि तीन पत्रं लागली.

लग्नाच्या त्या दिवशी पंगत बाहेर बसली होती. कुणीतरी येऊन माझ्या कानात सांगितलं की अक्कानं आत शेगडी पेटवलीय. तासाभरापूर्वीच मी दोनशे माणसांपुढे भाषण केलं होतं की माझ्या घरात लग्नाचा धूर निघणार नाही. मी आत आलो. मोरीच्या बाजूला तू शेगडी मांडली होतीस, तुपाचा वास येत होता. फरशीवर ढीग, तुझ्याच ओटीतले तांदूळ. तू मोठ्यानं मोजत होतीस. "चार" म्हणालीस ते मी उंबऱ्यात ऐकलं. मी मोरीतला तांब्या भरून उचलला. त्या वेळी प्रेमाचा उजवा पाय पाचव्या ढिगावर होता, टेकलेला नव्हता, वर. तिनं माझ्याकडे पाहिलं. शेगडीवर पाणी पडलं, सगळं घर धुरानं भरलं. लग्नाचा धूर निघाला तो असा. आणि तिनं पाय मागे घेतला.

तिनं पाय मागे घेतला, अक्का. मी काही बोललोही नव्हतो. तिनं माझं ऐकलं. जन्मभर ऐकतच आलीय.

मी तुला म्हणालो, "तुझा धर्म तुझ्या गावी ने." तू म्हणालीस, "चेडवाचा लगीन करतंस काय सभा घेतंस?" आणि पिशवी उचललीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी बाहेर जाऊन पंगतीत तूप वाढलं. लोकांना वाटलं, बहिणीची गाडी चुकेल म्हणून ती लवकर गेली.

उरलेले ढीग सुगंधानं झाडले. तिनं मला कधी सांगितलं नाही, पण ते तांदूळ तिनं टाकले नाहीत. परवा तुरीच्या डब्यामागे एक पुरचुंडी सापडली. विचारलं तर म्हणाली, "तीन ढिगांचे आहेत. वन्संचे होते, टाकवले नाहीत."

रत्नप्रभाबाईंकडे परवा गेलो आणि मागच्या वेळी हो म्हटलं ते परत घेतलं. म्हटलं, बाई, आकडा मला सांगता येत नाही.  त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "मोजत कोण होतं?" म्हटलं, बहीण. "मग आकडा त्यांनाच घालू दे. मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका." त्यांनी प्रतिज्ञापत्र टाईप करून दिलंय. सगळं भरलेलं आहे, तुझं नाव, वय, गाव, लग्नाची तारीख. मध्ये एका ओळीत "अग्नीसमक्ष" आणि "पावले चालली" यांच्यामध्ये जागा मोकळी आहे. एका आकड्याएवढी.

प्रेमाला मी कालच विचारलं. म्हटलं, बाय, तुझा पाय टेकला होता का? आठव. ती शुभाची वेणी घालत होती. म्हणाली, "तुम्ही समोर होतात, बाबा. तुम्हीच सांगा ना." तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चार लिहिलं तर माझी मुलगी आठ वर्षं कुणाची कोणीच नव्हती. श्यामसुंदर चोवीस तारखेला विमानात बसेल आणि त्याच्या पाठीमागे कुठलाही कायदा जाणार नाही, युगांडातला नाही की इथला नाही. सात लिहिलं तर वाचनालयात बसून पोरांना "खरं लिहा, कुणाला भिऊ नका" म्हणून सांगणाऱ्या माणसानं आपल्या बहिणीला शपथेवर खोटं बोलायला लावलं. तेही ज्या विधीवर त्यानं स्वतः पाणी ओतलं त्या विधीसाठी. आणि सात लिहूनही दिल्लीवाले हो म्हणतीलच याचा भरवसा नाही. कोर्टात श्यामसुंदर चार म्हणेल, आणि मला विचारलं तर मी काय म्हणेन ते मला माहीत नाही.

मला वाटायचं, धूर काढला की लग्न स्वच्छ होतं. अजूनही, खरं सांगू, ते वचन मी चांगलंच लिहिलं होतं. पण पोरीच्या अंगावर पांघरूण घालायच्या आधी मी जुनं काढून घेतलं, आणि नवं कुठे मिळतं ते नीट विचारलंसुद्धा नाही. सरकारी फॉर्म तसाच ठेवून ताठ मानेनं निघून आलो.

हे पत्र आणि तो कागद बळवंतच्या हाती पाठवतोय. तो गावी दोन दिवस आहे. तुझ्याकडे जेवेल, त्याला कुळथाची पिठी आवडते. सही करायची तर तो तुला कणकवलीला वकिलासमोर घेऊन जाईल, परत आणून सोडेल. नाही करायची तर त्याला काही सांगू नकोस, नुसता कागद परत दे. कोरा आला तरी मी तुला पुन्हा विचारणार नाही.

आठवतं का, गिरणीत लागल्यावर पहिल्या सुट्टीत गावी आलो आणि तुला आकडे शिकवले. अंगणात, कोळशानं. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तुला लाज वाटायची, दारावरून कुणी गेलं की पदरानं पुसून टाकायचीस. चाराची गाठ तुला काही केल्या जमायची नाही. सात मात्र पहिल्याच दिवशी जमला.

हे मी तुला काही सुचवण्यासाठी लिहिलेलं नाही. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तसं वाटेल. खोडणार होतो. खोडलं नाही.

आता नमस्कार करतो. तू पाय मागे घेतलेस तरी चालेल. तो आमच्या घराचा रिवाजच झालाय, आणि तो पाडला मीच.

तो तांब्या अजून मोरीत आहे. रोज त्यानंच अंघोळ करतो.

तुझा
काशीराम